हिमेनाचं इंग्रजी

राग आलेला असताना लिहू नये, असं माझे वडील म्हणत. मी वर्षभर थांबले. राग काही उतरला नाही, तेव्हा आता लिहूनच टाकते. या अंकासाठी 'सौदीतले गमतीदार अनुभव' द्या असं मला कळवलं होतं. गमतीही मधेमधे येतील, पण त्यांच्यासाठी मी लिहायला बसलेली नाही.

माझं माहेर गुहागरचं, सासर चिपळूणचं, आणि लग्नानंतरचं जवळजवळ सगळं आयुष्य जेद्दात, अल अझीझियामध्ये गेलं. माझा नवरा माधव इथल्या एका खासगी हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट आहे. मी आधी भारतीय शाळेत शिकवायचे. मुलगी इरा मोठी झाल्यावर समुद्राकाठच्या एका संशोधन विद्यापीठात मला नोकरी मिळाली. रोज सकाळी विद्यापीठाची बस अझीझियाच्या कोपऱ्यावर यायची आणि एका बाजूला वाळू, दुसऱ्या बाजूला लाल समुद्र असं करत आम्हाला तिथे नेऊन सोडायची. विद्यापीठाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. तिथे चांगली माणसंही आहेत, आणि बाकीची आपल्याला ओळखतीलच.

आमच्या विभागाचं नाव फार लांबलचक होतं. त्याचा साधा अर्थ असा, की अशा ठिकाणी ज्यांच्या देशातून, ज्यांच्या गावातून सहसा कोणी पोचत नाही, त्या पीएच.डी.च्या मुलामुलींची काळजी घ्यायची. मेक्सिको, पेरू, कोलंबिया इथून आलेली स्पॅनिश बोलणारी मुलं होती; त्यांना तिथल्या कागदांवर 'हिस्पॅनिक' म्हणत. सुदानचे होते, येमेनचे होते. आणि खुद्द सौदी मुलीही होत्या, ज्यांच्या घरात त्यांच्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं.

खमीस मुशैतहून आलेल्या अशाच एका मुलीचे वडील पहिल्याच आठवड्यात माझ्या केबिनमध्ये येऊन बसले. उंच, पांढरी दाढी, हातात मधाची बरणी. लॅबमध्ये कोण कोण असतं, रात्री बस कोण चालवतं, हे सगळं विचारून झालं. मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "तू आई आहेस का?" मी हो म्हटल्यावर त्यांनी बरणी टेबलावर ठेवली, "खलास, मग झालं," म्हणाले आणि उठले. पुढे ती मुलगी उत्तम शिकली. माझ्या कामाची त्याहून चांगली व्याख्या मला कोणी करून दिली नाही.

ज्यांनी पीएच.डी. जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तिथे वर्ग नसतो, बाकं नसतात. एक प्राध्यापक असतो, त्याची लॅब असते आणि त्या लॅबमध्ये तुम्ही चार-पाच वर्षं काम करता. विषय त्याने मान्य करायचा, यंत्रं त्याची, प्रत्येक कागदावर सही त्याची. इथे परदेशी माणूस ज्याच्या जबाबदारीवर राहतो त्याला कफील म्हणतात. कागदोपत्री विद्यार्थ्यांचं कफील विद्यापीठ असतं, खरा कफील तो प्राध्यापक. त्याने 'नको' म्हटलं आणि दुसऱ्या कोणी घेतलं नाही, तर प्रवेश रद्द. प्रवेश गेला की इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना गेला. इकामा गेला की विमानतळ.

हिमेना मेक्सिकोच्या दक्षिणेकडची, ओआहाकाच्या डोंगरातली. तिच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये पहिलं अक्षर एक्स, त्यामुळे विद्यापीठात तिची झिमेना, एक्सिमेना, काही जणांची तर चक्क जास्मिन झाली होती. घरी ती आईशी डोंगरातल्या त्यांच्या जुन्या भाषेत बोलायची, शाळेत स्पॅनिश शिकली, आणि इंग्रजी ही तिची तिसरी भाषा. बुटकी, रुंद खांद्यांची, कायम बाह्या वर सरकवलेल्या. पहिल्या भेटीत मी तिला विचारलं, इतक्या लांब का आलीस? म्हणाली, "आमच्या गावात टँकरने पाणी येतं. तुमच्याकडे समुद्राचं पाणी पितात. मला ते कसं करतात बघायचं होतं."

समुद्राचं पाणी गोडं करताना ते एका बारीक पडद्यातून दाबाने ढकलतात. या पडद्यावर हळूहळू शेवाळासारखा चिकटा चढतो. मग रसायनांनी धुवा, नाहीतर पडदा फेकून द्या. ती रसायनं कमी कशी लागतील, हा हिमेनाचा विषय. यान्बू बंदरातल्या, पाणी गोडं करणाऱ्या एका प्रकल्पातून बाद झालेल्या पडद्यांच्या गुंडाळ्या ती स्वतः जाऊन घेऊन आली, करवतीने कापल्या, आणि लॅबच्या कोपऱ्यात नळ्या, पंप, झडपा जोडून एक उपकरण उभं केलं. त्याच खारट पाण्याचे झटके उलट्या दिशेने देऊन चिकटा सोडवायचा, अशी ती युक्ती होती. मला दाखवायला घेऊन गेली तेव्हा पंप चालू करून माझ्या हाताला धरून म्हणाली, "ऐक, आता सुटेल." आणि खरंच, काचेतून तो हिरवट थर सालपटासारखा निघताना दिसला.

ही लॅब डॉ. केळशीकरांची. आता इथे माझी पंचाईत सुरू होते, कारण केळशीकर आपलेच. पुण्याचे. जेद्दातल्या मराठी मंडळींचे लाडके. गणपतीत आरती त्यांच्या खड्या आवाजात, दिवाळीच्या कार्यक्रमाचं निवेदन त्यांचं. त्यांची बायको अनघा माझी मैत्रीण. इराच्या दहावीत तिने तिला गणित शिकवलेलं. मला ते वहिनी म्हणायचे. माझ्या हातच्या पुरणपोळ्या त्यांनी किती खाल्ल्या असतील त्याला गणती नाही.

त्यांच्या लॅबमध्ये बहुतेक मुलं भारतीय. जेवताना हिंदी चालायचं. हिमेना डबा घेऊन शेजारी बसायची आणि सगळे हसले की हसायची. हे मला निखिलने सांगितलं. निखिल तिथलाच नागपूरचा विद्यार्थी, सरळ मुलगा. तो म्हणाला, "मॅडम, आम्ही कधीकधी इंग्रजीत बोलायचा प्रयत्न करतो, पण सरच हिंदीत विनोद सुरू करतात."

मग यान्बूच्या प्रकल्पातले अधिकारी लॅब बघायला आले. हिमेनाने केलेलं काम दाखवायचं होतं. आदल्या दिवशी केळशीकरांनी तिला सांगितलं, की तू उपकरण चालव, बोलेल निखिल. कारण? पाहुण्यांना तिचं इंग्रजी समजणार नाही. ती स्वतःच्या यंत्रापाशी झडपा उघडत-मिटत उभी राहिली, आणि निखिल तिचं काम सांगत राहिला. पाहुण्यांनी प्रश्न विचारले, त्यातले अर्धे निखिलला आले नाहीत. तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं तर सर म्हणाले, "लेट हिम फिनिश."

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "वृंदा, माझं इंग्रजी तुला कळतं ना?"

"कळतं की."

"मग त्यांना का कळत नाही?"

मी तिला काहीतरी समजुतीचं सांगितलं. पुढच्या महिन्यात तिची पात्रता परीक्षा होती. ही तोंडी असते. तीन प्राध्यापक समोर बसतात, त्यांतला एक आपलाच मार्गदर्शक, आणि त्यात उत्तीर्ण झालं तरच पुढे पीएच.डी. करता येते. हिमेना नापास झाली. शेरा असा होता, की विषयाचं ज्ञान समाधानकारक आहे, परंतु शास्त्रीय विषय मांडण्याइतकी भाषा नाही. म्हणजे येतंय सगळं, पण सांगताना आमच्या कानाला त्रास होतो!

मी इतकी चिडले, की त्या दिवशी बसने घरी येताना शेजारच्या बाईंशी एक शब्द बोलले नाही. माझं स्वतःचं शिक्षण गुहागरच्या मराठी शाळेत झालेलं. केळशीकरांचंही पहिल्या दिवसापासून इंग्रजीत झालेलं नाही, ते स्वतःच स्टेजवरून अभिमानाने सांगायचे. 'व्ह'चा 'व' तेही करतात आणि मीही करते. पण ते प्राध्यापक, म्हणून त्यांचा तो ढंग, आणि तिची ती खोट.

नियमाप्रमाणे दुसरी संधी होती. नियमात हेही होतं, की विद्यार्थ्याने मागितलं तर परीक्षेला बाहेरच्या विभागाचा अध्यक्ष आणि आमच्या विभागाचा निरीक्षक बसू शकतो. सहसा कोणी हे मागत नाही, कारण मागणं म्हणजे प्राध्यापकाशी उघड वैर. हिमेनाने मागितलं. निरीक्षक म्हणून माझं नाव गेलं.

दिवाळीचा आमचा कार्यक्रम एका इस्तराहात होता. इस्तराहा म्हणजे गावाबाहेरचं भाड्याने मिळणारं विश्रांतिगृह, भिंतीआड हिरवळ आणि मोठा दिवाणखाना. मी फराळाची ताटं लावत होते. केळशीकर चकलीचा तुकडा मोडत जवळ आले.

"वहिनी, ती मेक्सिकन मुलगी तुमची कोण?"

"विद्यार्थिनी."

"मग मी? मी तुमचा कोणीच नाही?" ते हसत होते. "अहो, मला विचारायचं होतंत. मी सांभाळून घेतलं असतं. बाहेरच्यांना मध्ये आणून माझी शोभा कशाला?"

"सांभाळून म्हणजे काय केलं असतंत, सर?"

"मास्टर्स देऊन सन्मानाने पाठवली असती. ती काही पीएच.डी. मटेरियल नाही. कष्टाळू आहे, हात चांगले आहेत. टेक्निशियन म्हणून कुठेही लागेल."

हात चांगले आहेत! ते उपकरण तिच्या हातांनी आपणहून सुचवलं असेल, डोकं तेव्हा सुटीवर असेल. मी ताट ठेवलं आणि म्हटलं, "तिची उत्तरं ऐकून मग ठरवू या." त्यांचं हसू मावळलं. "माधवरावांना नमस्कार सांगा," म्हणून ते निवेदनाला गेले, आणि माइकवर त्यांनी सगळ्यांना इतकं हसवलं की मलाच वाटलं, मी कुठे चुकत तर नाही? गाडीत माधवही म्हणाला, "वृंदा, जरा जपून. इनमीन पन्नास घरं आपली." मागच्या सीटवरून इरा म्हणाली, "बाबा, ही इज अ बुली. एव्हरीबडी इन द रूम नोज." पोरगी मराठीत उत्तर देत नाही म्हणून मी तिला रोज बोलते. त्या दिवशी बोलले नाही.

दुसऱ्या परीक्षेच्या अध्यक्ष होत्या डॉ. नूरा, रसायनशास्त्र विभागातल्या सौदी प्राध्यापिका. शांत बाई. हिमेनाने सुरुवात केली. पहिल्या पाच मिनिटांत केळशीकरांनी तिला चारदा अडवलं. एकदा उच्चारासाठी, एकदा "से इट अगेन" म्हणून, एकदा नुसतंच कान पुढे करून. चौथ्यांदा तिने तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मला बोलायची परवानगी नव्हती.

डॉ. नूरांनी हात वर केला. "डॉक्टर, तिने आत्ता काय सांगितलं ते तुम्हाला कळलं का?"

"ढोबळपणे."

"काय कळलं, सांगाल?"

केळशीकरांनी सांगितलं. अगदी बरोबर सांगितलं, नेमकं.

"म्हणजे कळलं," डॉ. नूरा म्हणाल्या. "आता तिला पूर्ण करू द्या."

पुढचा तास हिमेनाचा होता. फळ्यावर आकृत्या काढत, अडली की हाताने दाखवत, एकदा तर चुकून स्पॅनिश शब्द घालून ती बोलत राहिली. ती उत्तीर्ण झाली. बाहेर कॉरिडॉरमध्ये मी तिला मिठी मारली, आणि त्या आठवड्यापुरती मला वाटलं, की आपण जिंकलो.

आठवडा संपायच्या आत केळशीकरांची मेल आली. या विद्यार्थिनीचा विषय आता लॅबच्या दिशेशी जुळत नाही, सबब तिने दुसरा मार्गदर्शक शोधावा. नियमात बसणारं होतं, त्यात खोट काढता येत नव्हती. सत्र संपेपर्यंत मुदत. उपकरण अर्थातच लॅबचं.

मी दारोदार फिरले. एका प्राध्यापकाने कॉफी पाजली आणि जागा नाही म्हणाला. दुसरा म्हणाला, मुलगी हुशार आहे, पण केळशीकरांबरोबर माझं एकत्र काम चालू आहे, समजून घ्या. तिसऱ्या बाईंनी मेलला उत्तरच दिलं नाही. कँटीनमध्ये मला पाहिलं की त्यांचा फोन वाजायचा. डॉ. नूरांनी हिमेनाला घेतलं असतं, पण त्यांचं शास्त्र वेगळं, आणि विभागाने ते मान्य केलं नाही. निखिलला मी विचारलं, मी तक्रार केली तर तू समितीपुढे येऊन पाहुण्यांच्या वेळचा प्रकार सांगशील का? त्याचे डोळे भरून आले. "मॅडम, माझी डिग्री त्यांच्याच हातात आहे." मी त्याला दोष देत नाही. ज्यांची डिग्री कोणाच्याच हातात नव्हती ते कुठे आले?

आणि याच दिवसांत प्रसिद्धी विभागातला एक उत्साही तरुण माझ्याकडे आला. प्रवेशाच्या जाहिरातीसाठी त्यांना 'लॅटिन अमेरिकन चेहरा' हवा होता. हिमेनाचा फोटो मिळेल का? जमलं तर ती मोठी मेक्सिकन टोपी घालून. मी त्याला काय काय बोलले ते इथे छापता येणार नाही. शेजारच्या केबिनमधले दोघे धावत आले. बिचारा पोरगा, त्याला काहीच माहीत नव्हतं. पण माहीत असणाऱ्यांवर ओरडायची सोय कुठे होती?

मी रीतसर तक्रार केली. हिमेनाला म्हटलं, तू थांब, आपण वरपर्यंत जाऊ. शुक्रवारी ती आमच्याकडे जेवायला आली होती. आमटीत भात कालवत तिने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"वृंदा, मी दोन वर्षं लढत राहीन, आणि शेवटी मला मान्य करणारा माणूस तोच असेल. मला परत जायचंय."

"म्हणजे तो जिंकला!" मी जवळजवळ ओरडलेच.

"मला घरी जायचंय," ती पुन्हा म्हणाली. इराने टेबलाखालून माझा पाय दाबला, म्हणून मी गप्प बसले.

मास्टर्स घेऊन ती निघाली. जेद्दाच्या विमानतळावर मी आणि माधव सोडायला गेलो. सामान गेल्यावर ती म्हणाली, "तक्रारीचं काय व्हायचं ते होईल. पण कुठेही सांगशील तर माझं नाव घे. ते कायम 'एक विद्यार्थिनी' म्हणतात." मग माधवशी हात मिळवला, मला घट्ट धरलं आणि आत गेली.

तक्रारीचा निकाल असा लागला, की हा 'संवादातला गैरसमज' होता. दोष कोणाचाच नाही. मात्र असे गैरसमज टाळण्यासाठी सर्व लॅबप्रमुखांना एक दिवसाचं प्रशिक्षण द्यावं. विषय होता, कमी प्रतिनिधित्व असलेल्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन कसं करावं. प्रशिक्षण कोण देणार? मी! शेवटी सगळ्यांना प्रमाणपत्र.

मोठ्या सभागृहात प्राध्यापक बसले होते. केळशीकर पुढच्याच रांगेत, पाय पसरून. वरून आलेल्या रंगीत स्लाइड मी दाखवायला घेतल्या. 'ऐका', 'आदर करा', 'समजून घ्या'. तिसऱ्या स्लाइडला मागून कोणीतरी विचारलं, एखादं प्रत्यक्ष उदाहरण देता येईल का?

मी प्रोजेक्टर बंद केला. आणि सांगितलं. तिचं नाव हिमेना, ते असं उच्चारतात, इथपासून सुरुवात केली. यान्बूचे पडदे, उपकरण, पाहुणे, निखिलचं नाव गाळून त्याने सांगितलेलं तिचं काम, 'भाषा नाही' हा शेरा, चार वेळा अडवणं, मेल. लॅब कोणाची तेही सांगितलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर थांबता आलं नसतं.

कँटीनमधल्या त्या बाई मान खाली घालून बसल्या होत्या. केळशीकरांचा चेहरा लाल झाला. मग ते मराठीत म्हणाले, अगदी हळू आवाजात, "वहिनी, आपल्या माणसाला असं चव्हाट्यावर आणतात का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कोणाला काही कळलं नव्हतं. मी त्यांचं वाक्य सगळ्यांसाठी इंग्रजीत करून सांगितलं. शब्द न् शब्द. मग म्हटलं, हिमेनाही आपलीच होती. तिने आपल्याकडे प्रवेश घेतला होता.

केळशीकर उठून गेले. प्रमाणपत्रांवर माझी सही लागणार होती. मी एकावरही केली नाही. माझा करार पुढे वाढवला गेला नाही, त्याचं कारण 'विभागाची पुनर्रचना' असं कळवण्यात आलं. मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना आम्ही जातो, पण ताटं लावायला मला कोणी बोलावत नाही. अनघा एकदा सुपरमार्केटमध्ये भेटली. तिने माझा हात धरला, काही बोलणार होती, पण नुसतंच "इरा कशी आहे?" विचारून गेली. मला तिची आठवण येते.

हिमेनाला तिच्याच देशातल्या एका विद्यापीठाने घेतलं. उपकरण तिने पुन्हा, पहिल्यापासून बांधलं. प्रबंध स्पॅनिशमध्ये लिहिते आहे. वाया गेलेली वर्षं तिला कोणी परत देणार नाही, आणि केळशीकरांना बढती मिळाली. चांगलं काम केलं की समाधान मिळतं म्हणतात; मला मिळालेलं नाही. माझ्यासारख्यांना नेमून, पाटी लावून, मुलांच्या चुका सुधारायला बसवतात. ज्यांच्या चुका खऱ्या सुधारायच्या, त्यांच्या दाराशी आम्ही विनंतीअर्ज घेऊन उभ्या.

गेल्या आठवड्यात दुपारी फोन वाजला. अनोळखी मुलीचा आवाज, अडखळत इंग्रजी. पेरूची आहे, नाव रोसिओ. तुमचा नंबर हिमेनाने दिला, म्हणाली. ती याच सत्रात केळशीकरांच्या लॅबमध्ये आली आहे.

"मॅडम, तुम्ही आता इथे काम करत नाही ना? मग मी तुम्हाला त्रास देऊ का?"

मी तिला अझीझियाचा पत्ता सांगितला. म्हटलं, "शुक्रवारी जेवायला ये. आणि तोवर कशावरही सही करू नकोस."